मध्यरात्री भेटणारी चार विमानं

"मामा, चेन्नई किती लांब आहे?"

माझ्या सातवीतल्या भाचीनं हा प्रश्न विचारला, तेव्हा मी तर्री-पोह्याचा पहिला घास नुकताच तोंडात घातला होता. तर्री अशी झणझणीत होती, की मला लगेच उत्तरच देता येईना. पण प्रश्न साधा नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. तिच्या बाबांची, म्हणजे आमच्या भाऊजींची, महिन्याभरापूर्वीच चेन्नईला बदली झाली होती. वार्षिक परीक्षा होईपर्यंत ताई आणि ही नागपुरातच राहणार होत्या. रोज रात्री फोनवर बाबांशी गप्पा व्हायच्या, पण फोन ठेवला की स्वारी गप्प.

"रेल्वेनं साधारण एक हजार नव्वद किलोमीटर," मी पाणी पिऊन सांगितलं.

"पण भूगोलाच्या तासाला मी नकाशावर पट्टीनं मोजलं, तर नऊशे दहाच आलं!"

"तेही बरोबर आहे."

"दोन्ही कसं बरोबर असेल? काहीतरीच तुझं!"

आता आली का पंचाईत! मग मी ठरवलं, की रविवार सत्कारणी लावायचा. "चल, चप्पल घाल. लांब म्हणजे किती लांब, ते आज आपण नागपुरातच फिरून शोधू."

मित्रांनो, तुम्हीही चला आमच्याबरोबर. फक्त एक नकाशाचं पुस्तक, पट्टी आणि पेन्सिल जवळ ठेवा.

दगडावरचे आकडे

आम्ही आधी गेलो सिव्हिल लाइन्समध्ये, विधानभवनाजवळच्या झिरो माइलला. वालुकाश्माचा एक खांब, एक बुटका दगड आणि उधळलेले चार घोडे. नागपूरकर रोज त्याच्यावरून जातात, पण थांबून वाचत कोणी नाही. आम्ही थांबलो. इंग्रजांच्या काळात सगळ्या देशाची मोजणी झाली, त्या मोजणीतली ही खूण. १९०७ साल त्यावर आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, अगदी फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! आणि जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा, हैदराबाद या गावांची अंतरं मैलांत.

"यात चेन्नई कुठंय?" भाचीनं सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं.

"चेन्नई नाही. पण हे आकडे कसले आहेत, सांग बघू?"

तिनं जरा विचार केला. "रस्त्याचे."

शाबास! हीच पहिली गोष्ट. बैलगाडी, घोडा, मोटार यांना जो रस्ता धरून जावं लागतं, त्याची लांबी म्हणजे रस्त्याचं अंतर. रस्ता डोंगराला वळसा घालतो, नदीवर पूल असेल तिथेच नदी ओलांडतो. रेल्वेचंही तसंच. रुळांना चढ फारसा चालत नाही, शिवाय वाटेतली मोठी गावंही घ्यायची असतात. म्हणून नागपूर ते चेन्नई रुळांवरून सुमारे १,०९० किलोमीटर, आणि पट्टीनं सरळ मोजलं तर सुमारे ९१०. कावळा जसा उडत जाईल, तसं हे अंतर. मधले १८० किलोमीटर रूळ वळणं घेण्यात खर्च करतात!

"म्हणजे विमानाला नऊशे दहाच जावं लागतं?"

"जवळजवळ. थोडं इकडेतिकडे. आता पेन्सिल काढ."

दोन रेघा ओढा

आम्ही तिथल्याच एका झाडाखाली बसलो आणि नकाशा मांडीवर पसरला. तुम्हीही पसरा. आता दिल्लीपासून चेन्नईपर्यंत एक सरळ रेघ ओढा. मग मुंबईपासून कोलकात्यापर्यंत दुसरी. या रेघा कुठे एकमेकींना छेदतात?

भाचीनं रेघा ओढल्या आणि ती ओरडलीच, "मामा! आपल्याजवळ! वर्ध्याच्या इथं!"

आहे की नाही गंमत? देशाच्या चार कोपऱ्यांतली चार मोठी शहरं, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन रेघांची फुली नागपूर-वर्ध्याच्या आसपास पडते. मुंबईहून कोलकात्याला थेट उडालं, तरी सुमारे १,६६५ किलोमीटर. आणि वाटेत नागपूरला उतरून गेलं, तरी जवळजवळ तेवढंच! दिल्ली ते चेन्नई थेट साधारण १,७६० किलोमीटर. नागपूरवरून गेलं तर चार-पाच किलोमीटरच जास्त. म्हणजे नागपूरला थांबायचं म्हणून वाट वाकडी करावीच लागत नाही.

रेल्वेचंही तसंच आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग नागपुरात भेटतात. इथं रूळ रुळांना आडवे ओलांडतात, ती जागा 'डायमंड क्रॉसिंग' म्हणून प्रसिद्ध आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा महामार्गही नागपुरातूनच जातो. आणि आता आपल्या मेट्रोच्या दोन मार्गिकासुद्धा सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. थोडक्यात काय, फुली मारायची तर नागपुरातच!

"पण या फुलीचा उपयोग काय?" भाचीनं विचारलं.

"त्या फुलीवर एकेकाळी रोज मध्यरात्री चार विमानं भेटायची. चल, ती जागा दाखवतो."

टपालाची गोष्ट

झिरो माइलच्या स्टेशनवरून आम्ही मेट्रो पकडली. गाडी वर्धा रोडवरून एअरपोर्टकडे निघाली आणि मी गोष्ट सुरू केली.

देश स्वतंत्र झाला १९४७ मध्ये. तेव्हा मोबाईल नव्हता, इंटरनेट नव्हता. दूरच्या गावी फोन लावायचा तर 'ट्रंक कॉल' नोंदवून तासन्‌तास वाट पाहायची. तार महाग, तिथे शब्द मोजून लिहायचे. मनातलं सगळं सांगायचं, तर पत्राशिवाय पर्याय नाही. आणि पत्र जायचं आगगाडीनं. मुंबईहून कोलकात्याला नागपूरमार्गे रुळांवरून १,९६८ किलोमीटर! गाडीलाच दीड दिवसाहून जास्त लागायचा. त्याआधी पेटीतून पत्रं काढणं, नंतर ती वाटणं. नोकरीचं बोलावणं असो, व्यापाऱ्याचा हिशेब असो की घरी कोणी आजारी असल्याची बातमी असो, हातात पडेपर्यंत तीन-चार दिवस सहज जायचे.

मग एक नामी युक्ती निघाली. लोक संध्याकाळी पत्रं टाकतात आणि सकाळी पोस्टमन ती वाटतो. मधली रात्र नुसती झोपेत वाया जाते. मग रात्रीच विमान उडवलं तर? १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. त्या वेळी रफी अहमद किडवाई हे दळणवळण मंत्री होते. त्याच वर्षी १ एप्रिलपासून आणखी एक निर्णय झाला. देशातल्या देशात जाणारं साधं पत्रसुद्धा, विमानानं लवकर पोचत असेल तर विमानानं न्यायचं, आणि तेही जादा पैसे न घेता! म्हणजे ज्याच्या खिशात विमानाच्या तिकिटाचे पैसे कधीच येणार नव्हते, त्याचं पत्र मात्र विमानात बसू लागलं.

मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास, म्हणजे आजचं चेन्नई, या चारही शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं. चौघंही मध्यरात्रीनंतर नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर उतरायची. मग पोत्यांची अदलाबदल. मुंबईच्या विमानातली कोलकात्याची पोती कोलकात्याच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या, दिल्लीची दिल्लीच्या. तशीच बाकी तिघांची. सगळं जिथल्या तिथं गेलं की चारही विमानं आपापल्या घराकडे वळायची आणि उजाडता उजाडता पोचायची. पोत्यांबरोबर थोडे प्रवासीही असत. मुंबईहून दिल्लीला जाणारा माणूस मध्यरात्री नागपूरला उतरायचा आणि दिल्लीच्या विमानात बसायचा.

"बापरे! म्हणजे झोपेचं खोबरंच!" भाची म्हणाली.

एक गणित

आता तुमच्यासाठी एक गणित. भाचीनं ते मेट्रोतच सोडवलं, तेही वहीच्या मागच्या पानावर.

त्या काळी ही कामगिरी करणारं विमान म्हणजे डाकोटा. दोन पंख्यांचं, शेपूट जमिनीला टेकवून उभं राहणारं. त्याचा वेग आपण ताशी २७० किलोमीटर धरू. नागपूरपासून सरळ रेषेत मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५५, चेन्नई ९१० आणि कोलकाता ९८५ किलोमीटर. समजा, सगळ्यांनी रात्री एक वाजता नागपूरला भेटायचं ठरवलं. तर कोणी किती वाजता निघायचं?

अंतराला वेगानं भागा. मुंबईच्या विमानाला लागतील अडीच तास. दिल्लीच्या विमानाला तीन तास दहा मिनिटं, चेन्नईच्या विमानाला साधारण तीन तास वीस मिनिटं आणि कोलकात्याच्या विमानाला तीन तास चाळीस मिनिटं. म्हणजे कोलकात्याचं विमान निघायला हवं नऊ वाजून वीस मिनिटांनी, चेन्नईचं नऊ चाळीसला, दिल्लीचं नऊ पन्नासला आणि मुंबईचं आरामात साडेदहाला.

"मुंबईवाल्यांची मजा आहे!" भाचीनं शेरा मारला.

आता दुसरं गणित. चार शहरं एकमेकांना थेट विमानानं जोडायची, तर किती जोड्या होतात? मोजा. मुंबई-दिल्ली, मुंबई-कोलकाता, मुंबई-चेन्नई, दिल्ली-कोलकाता, दिल्ली-चेन्नई, कोलकाता-चेन्नई. सहा जोड्या, आणि जाणं-येणं धरून बारा फेऱ्या. नागपूरला भेटायचं ठरवलं, तर चारच विमानांत भागतं! शिवाय प्रत्येक वैमानिक सकाळी स्वतःच्याच गावात.

हीच कल्पना पुढे अमेरिकेतही यशस्वी झाली. १९७३ च्या १७ एप्रिलला तिथल्या 'फेडेक्स' कंपनीनं मेम्फिस या गावातून रात्रीची पार्सलसेवा सुरू केली. १४ छोटी विमानं, २५ शहरं आणि पहिल्या रात्री १८६ पार्सलं. सगळी विमानं रात्री मेम्फिसला भेटणार, अदलाबदल करणार आणि पहाटे परतणार. जगभर त्याचं कौतुक झालं. आपल्या नागपुरात मात्र हा मध्यरात्रीचा बाजार त्याआधी चोवीस वर्षं भरायला लागला होता!

अंधारातले जागे

हे ऐकताना सगळं सोपं वाटतं. पण विचार करा. आजच्यासारखे संगणक नाहीत, उपग्रह नाहीत. खाली काळोख. पावसाळ्यात सातपुड्याच्या रांगांवर ढग दाटलेले. डाकोटा काही आजच्या जेटसारखं दहा-अकरा किलोमीटर उंच जात नसे. ढगांच्या वर जाण्याऐवजी त्याला पुष्कळदा ढगांतूनच वाट काढावी लागे. आणि एका विमानाला उशीर झाला, की त्याच्या पोत्यांसाठी बाकीच्यांचाही खोळंबा.

कधी कधी खोळंब्यावर भागत नसे. १९५३ च्या ऑगस्टमध्ये आठ खासगी कंपन्या मिळून सरकारी 'इंडियन एअरलाइन्स' झाली आणि ही सेवाही तिच्याकडे आली. त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या रात्री नागपूरहून मद्रासकडे निघालेलं डाकोटा उड्डाण केल्यावर लगेचच कोसळलं. विमानात चौदा माणसं होती. त्यांतली तेरा गेली. वाचला तो एकटा वैमानिक.

हे सांगताना मी जरा अडखळलो. बाबा विमानानं येणार-जाणार, अशा मुलीला हे सांगावं का? पण तिनंच विचारलं, "मग दुसऱ्या रात्री विमानं आली?"

"सेवा चालू राहिली. पुढे वीसएक वर्षं."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कुणाच्या तरी पत्रासाठी ते रोज जागायचे. आणि पत्र वाचणाऱ्याला माहीतही नसेल."

मी काय बोलणार! खरंच आहे ते. सकाळी दारात पडलेल्या पाकिटावर तिकीट असतं, शिक्का असतो. रात्री पोती वाहणाऱ्या हमालाचं, दिवे लावणाऱ्याचं आणि वैमानिकाचं नाव त्यावर कुठेच नसतं.

पुढे डाकोटाच्या जागी चार इंजिनांची मोठी स्कायमास्टर विमानं आली. मग जेट आली. मुंबईहून कोलकात्याला थेट अडीच-तीन तासांत जाता येऊ लागलं. मग नागपूरला मध्यरात्री थांबायचं कशाला? १९७० च्या दशकात ही सेवा बंद झाली. जी फुली कामाची होती, तिच्यावरून आता विमानं न थांबताच जाऊ लागली.

घड्याळ आणि वारा

मेट्रोतून उतरून आम्ही विमानतळाकडे निघालो. आता त्याचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. भाचीनं नवं गणित मांडलं होतं. "जेट ताशी आठशे किलोमीटर जातं ना? मग नऊशे दहा किलोमीटरला एक तास आठ मिनिटं. पण बाबांच्या तिकिटावर तर दीड तासाच्या वर वेळ दिलाय! चूक आहे का?"

चूक नाही. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं की संपते. आधी धावपट्टीपर्यंत हळूहळू चालत जायचं, रांग असेल तर थांबायचं. मग चढताना वेग कमी. उतरतानाही कमी. शिवाय वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं, म्हणून कधी विमानतळाला वळसाही घालावा लागतो. सायकलनं शाळेत जाताना कुलूप काढण्यात आणि गल्लीतून बाहेर पडण्यातच पाच मिनिटं जात नाहीत का? तसंच!

आणखी एक गंमत. मुंबईहून कोलकात्याला जाताना जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा परत येताना बहुधा पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. अंतर तेच, विमान तेच. मग असं का? कारण हिवाळ्यात आपल्याकडे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो पाठीमागून ढकलतो, येताना तोंडावर येतो. चेन्नई आपल्या दक्षिणेला, म्हणून तिकडे जाता-येताना एवढा फरक पडत नाही.

"आणि खूप लांबचं असेल तर? अमेरिका?"

त्यासाठी पट्टी चालत नाही. पृथ्वीचा गोल लागतो आणि धागा. मुंबईवर एक टोक धरा, न्यूयॉर्कवर दुसरं, आणि धागा ताणा. तो अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाईल असं सपाट नकाशा पाहून वाटतं. पण धागा जातो वर, रशियावरून, आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून! ही वाट सुमारे १२,५४० किलोमीटर. नकाशावरची सरळ रेघ धरून गेलात, तर दीड हजार किलोमीटरहून अधिक जास्त पडेल. पृथ्वी गोल आहे, तेव्हा नकाशावर सरळ दिसते ती वाट जवळची असतेच असं नाही. प्रत्यक्षात विमानं वारा, हवामान, कुठे युद्ध चालू आहे का, हे सगळं बघून वाट थोडी बदलतात. पण शाळेत पृथ्वीचा गोल असेल, तर उद्याच हा प्रयोग करून बघा. गुरुजींची परवानगी घेऊन हं!

किती लांब?

संध्याकाळ झाली होती. आम्ही विमानतळाबाहेर कठड्याला टेकून उभे होतो. पश्चिमेकडे आकाश संत्र्याच्या सालीसारखं झालं होतं. खूप उंचावरून एक विमान गेलं, न थांबता. मागे पांढरी रेघ. दिल्लीहून दक्षिणेला चाललं असावं.

"मामा, आता तूच सांग, चेन्नई किती लांब?"

"तूच सांग. दिवसभर तूच तर मोजतेयस."

तिनं वही उघडली. "रुळांवरून एक हजार नव्वद किलोमीटर. सरळ रेषेत नऊशे दहा. डाकोटानं तीन तास वीस मिनिटं. जेटनं दीड-पावणेदोन तास." मग जरा थांबून म्हणाली, "आणि पत्रानं, त्या काळी, एक रात्र."

"आणि आता?"

"आता पत्र कोण पाठवतं?" ती हसली. पण घरी परतताना ती सीताबर्डीला उतरून मला पोस्टात जायचंय म्हणाली. रविवार, पोस्ट बंद! मग सोमवारी शाळा सुटल्यावर तिनं अंतर्देशीय पत्र विकत घेतलं. त्यात आतल्या बाजूला दोन रेघांची फुली काढली, फुलीजवळ 'आम्ही इथं' आणि खालच्या टोकाला 'बाबा तिथं' असं लिहिलं. वर तळटीप: 'अंतर मोजलं आहे. फार नाही.'

पत्र पेटीत टाकताना तिनं माझ्याकडे पाहिलं. "मामा, हे रात्रीच्या विमानानं जाईल?"

"कशानं जाईल ते सांगता येत नाही. पण रात्री कोणीतरी जागं असेल, एवढं नक्की."

पाचव्या दिवशी रात्री भाऊजींचा फोन आला. नेहमीसारख्या गप्पा झाल्या. पण फोन ठेवल्यावर आज ती गप्प बसली नाही. नकाशाचं पुस्तक काढलं आणि पट्टी घेऊन मला म्हणाली, "बाबांनी गणित दिलंय. चेन्नई ते अंदमान किती लांब, आणि जहाजानं किती दिवस. चल, धर ते टोक!"

मित्रांनो, तुमचंही कोणी लांब राहत असेलच. आत्या, काका, मोठा दादा, नाहीतर गाव सोडून गेलेला मित्र. त्यांचं गाव शोधा, पट्टी लावा, गणित मांडा. उत्तर काय येतं, ते त्यांना कळवायला मात्र विसरू नका.